मापांची साखळी आणि तिची शेवटची कडी

जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने एका नियमावलीचा मसुदा प्रसिद्ध केला आणि १४ फेब्रुवारीपर्यंत त्यावर सूचना मागवल्या. सरकारी, व्यापारी, आर्थिक आणि कायदेशीर अशा सर्व कामांसाठी भारतीय प्रमाणवेळच वापरावी, संगणक यंत्रणांची घड्याळेही तिच्याशीच जुळवावीत, असा या मसुद्याचा आशय आहे. खगोलशास्त्र, नौकानयन, वैज्ञानिक संशोधन अशा क्षेत्रांना परवानगी घेऊन सूट मिळू शकते. मसुद्याची बातमी वाचणाऱ्याला सहज प्रश्न पडेल की, देशभर एकच वेळ तर आधीपासून आहे. मग नवा नियम कशाला?

याचे उत्तर घड्याळ काय दाखवते यात सापडत नाही. ते वेळ कुठून घेते हे पाहावे लागते. मोबाइल, बँकेचा सर्व्हर, शेअर बाजाराची यंत्रणा, वीजवाहिन्यांचे नियंत्रण केंद्र या सगळ्यांना कुठून तरी वेळ ‘लावून’ घ्यावी लागते. हा ‘कुठून तरी’ अनेकदा अमेरिकेची जीपीएस उपग्रह यंत्रणा असतो किंवा परदेशातील एखादा इंटरनेट सर्व्हर. दोन यंत्रणांनी दोन ठिकाणांहून वेळ घेतली तर त्यांच्या नोंदींत फरक पडू शकतो. सायबर गुन्ह्याच्या तपासात किंवा पैशांच्या व्यवहारात आधी काय घडले आणि नंतर काय, हे ठरवताना तोच फरक निर्णायक ठरतो. त्यामुळे या मसुद्याचा खरा विषय वेळेचा उगम हा आहे.

हाच प्रश्न किलोला, मीटरला, थर्मामीटरमधल्या अंशाला आणि कर्करोगाच्या रुग्णाला दिल्या जाणाऱ्या किरणांच्या मात्रेलाही लागू पडतो. प्रत्येक माप कुठल्या तरी मूळ मापाशी जोडलेले असावे लागते. ही साखळी वरच्या टोकाला आज कधी नव्हती इतकी भक्कम आहे. काळजी आहे ती खालच्या टोकाची, म्हणजे जिथे मापाचा संबंध माणसाच्या शरीराशी येतो त्या शेवटच्या कडीची.

वेळ कोण ‘ठेवते’?

भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरवरून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर ठरते, असे शाळेत शिकवले जाते. ते बरोबरच आहे, पण मिर्झापूरला कोणतेही मुख्य घड्याळ नाही. देशाची वेळ नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनपीएलमध्ये राखली जाते. तिथे सीझियमची अणुघड्याळे आणि हायड्रोजन मेसर नावाची उपकरणे अखंड चालू असतात. सीझियम-१३३ या अणूच्या दोन ठरावीक ऊर्जापातळ्यांमधील बदलाशी निगडित किरणोत्सर्गाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद, अशी व्याख्या १९६७ पासून जगभर मान्य आहे.

मात्र एकट्या एनपीएलचा शब्द पुरेसा नसतो. जगभरातील ८० हून अधिक संस्थांमधील सुमारे ४५० अणुघड्याळांच्या नोंदी पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजन-माप कार्यालयाकडे जातात. त्यांची भारित सरासरी काढून जागतिक समन्वित वेळ ठरते आणि कोणत्या देशाचे घड्याळ त्या वेळेपासून किती अब्जांश सेकंद दूर होते, याचा तक्ता दर महिन्याला जाहीर केला जातो. त्यात साडेपाच तास मिळवले की भारतीय प्रमाणवेळ होते. थोडक्यात, प्रत्येक देश आपली वेळ स्वतः राखतो आणि ती इतरांसमोर सतत तपासूनही घेतो.

वेळेच्या प्रश्नावर मुंबईने एकेकाळी मोठा वाद पाहिला आहे. १ जानेवारी १९०६ रोजी ब्रिटिश सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली, तेव्हा स्थानिक ‘मुंबई वेळ’ तिच्यापेक्षा ३९ मिनिटांनी मागे होती. शहराने ही नवी वेळ मनापासून स्वीकारली नाही. रेल्वे आणि तारखाते एका वेळेवर आणि शहरातील काही घड्याळे दुसऱ्या वेळेवर, असा प्रकार पुढे अनेक वर्षे चालला. मुंबई वेळ पूर्णपणे मोडीत निघाली ती १९५५ मध्ये. माप कोणते वापरायचे हा प्रश्न तांत्रिक वाटला तरी त्यात सत्ता, सोय आणि विश्वास या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या असतात, हे त्या वादातून दिसले होते. ईशान्य भारतात सूर्य फार लवकर उगवत असल्याने तिथे वेगळी वेळ असावी, अशी मागणी आजही होते. एनपीएलच्याच शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दोन प्रमाणवेळांचा प्रस्ताव शोधनिबंधाच्या रूपाने मांडला होता. सरकारने तो स्वीकारला नाही.

आता एनपीएल, इस्रो आणि ग्राहक व्यवहार विभाग मिळून अहमदाबाद, बंगळूरु, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी येथील पाच प्रादेशिक प्रयोगशाळांमधून प्रमाणवेळ पोहोचवण्याची यंत्रणा उभी करत आहेत. स्वतःची वेळ असण्याचे महत्त्व इस्रोला अनुभवातून कळले आहे. भारताच्या ‘नाविक’ या दिशादर्शक मालिकेतील पहिल्या उपग्रहावरची परदेशातून घेतलेली तिन्ही रुबिडियम घड्याळे बंद पडली आणि तो उपग्रह दिशादर्शनासाठी निरुपयोगी झाला. भारतीय बनावटीचे अणुघड्याळ घेऊन मे २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ हा उपग्रह गेला, त्यामागे ही पार्श्वभूमी होती.

तिजोरीतून बाहेर पडलेला किलो

वेळेची व्याख्या अणूवर जाऊन पोहोचली तरी वजनाची व्याख्या बराच काळ एका तिजोरीत अडकून होती. २० मे १८७५ रोजी पॅरिसमध्ये १७ देशांनी मीटर करारावर सह्या केल्या. २०२५ मध्ये त्याला दीडशे वर्षे पूर्ण झाली. या करारातून स्थापन झालेल्या कार्यालयात १८८९ पासून प्लॅटिनम आणि इरिडियमच्या मिश्रधातूचा एक दंडगोल जपून ठेवण्यात आला. उंची ३९ मिलिमीटर आणि व्यासही तेवढाच. त्याचे वस्तुमान म्हणजे एक किलोग्रॅम, अशी सरळ व्याख्या होती. त्याच्या प्रती सदस्य देशांना दिल्या गेल्या. भारत १९५७ मध्ये या करारात सामील झाला आणि ५७ क्रमांकाची प्रत भारताच्या वाट्याला आली. ती एनपीएलमध्ये आहे.

अडचण अशी की, वस्तू बदलते. मूळ दंडगोल आणि त्याच्या प्रती यांची फार मोजक्या वेळा तुलना केली गेली. १९८८ ते १९९२ या काळातील तुलनेत असे आढळले की, शंभर वर्षांत मूळ वजन आणि बऱ्याच प्रती यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडला आहे. बोटाच्या ठशात असणाऱ्या स्निग्ध पदार्थाचे वजन साधारण तेवढेच भरते. प्रती जड झाल्या की मूळ वजन हलके झाले, हे सांगणे मात्र अशक्य होते. व्याख्येनुसार मूळ दंडगोल नेहमी एक किलोच होता. त्याचे वस्तुमान घटले तर कागदावर उरलेले सगळे विश्व जड झाले, असे म्हणावे लागले असते.

यावर तोडगा म्हणून १६ नोव्हेंबर २०१८ रोजी फ्रान्समधील व्हर्साय येथे भरलेल्या परिषदेत किलोची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकाशी जोडण्याचा निर्णय झाला आणि २० मे २०१९ पासून तो लागू झाला. अँपिअर, केल्व्हिन आणि मोल यांच्या व्याख्याही त्याच दिवशी निसर्गातील स्थिरांकांवर आणल्या गेल्या. मीटर तर १९८३ पासूनच प्रकाशाच्या वेगाशी बांधलेला आहे. प्रकाश निर्वात पोकळीत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर कापतो, तो एक मीटर. आता कोणतेही मूलभूत एकक कोणत्याही एका वस्तूवर अवलंबून नाही. ज्या देशाकडे कौशल्य आणि उपकरणे आहेत, तो देश किलो स्वतः प्रत्यक्षात आणू शकतो. त्यासाठीचे एक साधन म्हणजे ब्रिटिश शास्त्रज्ञ ब्रायन किबल यांनी १९७५ मध्ये सुचवलेला तराजू. त्यात वजनाचे बल विद्युतचुंबकीय बलाने तोलले जाते आणि विजेची मोजणी प्लांकच्या स्थिरांकापर्यंत नेऊन भिडवता येते.

इथे एक बारकावा आहे, तो सहसा सांगितला जात नाही. व्याख्या स्वतंत्र झाली म्हणून प्रत्येक देशाचा किलो लगेच स्वतंत्र झाला, असे घडले नाही. वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी किबल तराजूने किंवा सिलिकॉनच्या गोलावरून काढलेल्या किलोंमध्ये अतिसूक्ष्म फरक उरला होता. म्हणून फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांच्या मोजणीतून काढलेले एक ‘सहमतीचे मूल्य’ वापरले जाते. भौतिकशास्त्राने निसर्गाचा स्थिरांक दिला, पण तो प्रत्यक्ष वापरात आणण्यासाठी आजही माणसांनी एकत्र बसून एकमेकांची मोजणी तपासावी लागते. राष्ट्रीय संस्थांचे बरेचसे काम हेच असते. एका प्रयोगशाळेतील वजन दुसरीकडे न्यायचे, तीच मोजणी पुन्हा करायची आणि फरक आला तर त्याचे कारण शोधायचे. अशा तुलनांच्या आधारे देश एकमेकांची प्रमाणपत्रे मान्य करतात. त्यासाठीचा परस्पर मान्यतेचा करार १९९९ मध्ये झाला. भारतात तपासलेल्या मालाचा अहवाल परदेशात ग्राह्य धरला जातो, त्याच्या मुळाशी ही व्यवस्था आहे.

दिल्लीपासून वाण्याच्या दुकानापर्यंत

२१ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताक होण्याच्या पाच दिवस आधी, सरदार वल्लभभाई पटेल यांच्या हस्ते एनपीएलचे उद्घाटन झाले. भौतिकशास्त्रज्ञ के. एस. कृष्णन हे तिचे पहिले संचालक. त्या काळी देशात शेर, मण, तोळा, पायली अशी मापे होती आणि एका भागातला शेर दुसऱ्या भागातल्या शेराशी जुळेलच असे नव्हते. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली आणि काही वर्षांत ती टप्प्याटप्प्याने देशभर लागू झाली. आज २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा लागू आहे.

या कायद्याने मापांची उतरंड आखून दिली आहे. सर्वात वर एनपीएलमधील राष्ट्रीय मानके. त्यांच्याशी जुळवलेली प्रादेशिक प्रयोगशाळांची संदर्भ मानके. त्यांच्यावरून राज्यांची दुय्यम मानके, त्यांवरून निरीक्षकाकडची कार्यमानके आणि शेवटी दुकानदाराचे वजन. या उतरंडीत मुंबईच्या टांकसाळीचा वाटा मोठा आहे. राज्यांच्या वैध मापनशास्त्र यंत्रणांना लागणारी प्रमाणित वजने-मापे फोर्टमधील ही टांकसाळ तयार करते. ९९९.९, म्हणजे चार नऊ शुद्धतेच्या सोन्याचे पहिले भारतीय संदर्भ द्रव्यही एनपीएल, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि ही टांकसाळ यांच्या सहकार्यातून आले.

साखळीतील प्रत्येक पायरीवर थोडी अनिश्चितता वाढते. एनपीएलमध्ये ती मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. भाजीच्या गाडीवर पाच-दहा ग्रॅम चालून जातात. पण प्रत्येक पायरीवर ती किती आहे हे माहीत असणे आणि लिहून ठेवलेले असणे आवश्यक असते. मधली एक कडी तुटली की खालचे वजन कितीही चकचकीत असले तरी ते फक्त लोखंडाचा किंवा पितळेचा तुकडा राहते. म्हणूनच नियमानुसार वजनांची पडताळणी आणि मुद्रांकन दर दोन वर्षांनी, तर इलेक्ट्रॉनिक काट्यांची दर वर्षी करून घ्यावी लागते.

कायद्यातील एक दुर्लक्षित शब्द

वैध मापनशास्त्राचा कायदा केवळ ग्राहकाची फसवणूक रोखण्यासाठी आहे, असा सर्वसाधारण समज आहे. निरीक्षकांच्या कारवाईच्या बातम्याही बहुतेक पेट्रोलपंप, सराफ आणि किराणा दुकानांच्या असतात. प्रत्यक्षात कायद्यात व्यवहाराच्या बरोबरीने ‘संरक्षण’ हा शब्द आहे आणि त्याची व्याख्याही दिलेली आहे. माणसाच्या किंवा प्राण्याच्या हिताच्या दृष्टीने कोणते पाऊल उचलायचे हे ज्या मोजणीवरून ठरते, ती मोजणी या शब्दात येते. म्हणजेच दवाखान्यातील वजनकाटा, ताप मोजण्याचा थर्मामीटर, रक्तदाब मापक यांचाही तिथे विचार आहे. व्यापारातील मापाने खिशाला चाट बसते. या दुसऱ्या प्रकारच्या मापावर औषधाची मात्रा ठरते.

अंगणवाडीचे उदाहरण घेता येईल. नवजात बाळाचे वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर ते ‘कमी वजनाचे’ ठरते आणि त्याच्याकडे विशेष लक्ष दिले जाते. पुढे दर महिन्याला मुलांचे वजन घेतले जाते. उंचीच्या तुलनेत ते फारच कमी असेल तर मूल तीव्र कुपोषित म्हणून नोंदले जाते आणि त्याच्या आहार-उपचाराची व्यवस्था लागते. मेळघाट असो की नंदुरबार, कुपोषणाची सगळी आकडेवारी आणि त्यावरची सगळी धोरणे अखेर त्या एका काट्यावर उभी असतात. काटा दोनशे-तीनशे ग्रॅम जास्त दाखवत असेल तर पाच-सहा किलोच्या मुलाच्या बाबतीत ही चूक पाच टक्क्यांच्या घरात जाते, आणि सीमारेषेवरचे मूल यादीतून गळू शकते. त्या मुलाच्या घरी काटा चुकला होता हे कधीच कळत नाही.

पारा गेला, जबाबदारी वाढली

रक्तदाबाच्या बाबतीत सध्या एक मोठा बदल होत आहे. पाऱ्याच्या प्रदूषणाविरुद्धच्या मिनामाता करारात भारत २०१८ मध्ये सहभागी झाला. या करारानुसार पाऱ्याचे थर्मामीटर आणि पाऱ्याचे रक्तदाब मापक हळूहळू हद्दपार होत आहेत. पर्यावरणाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मात्र पाऱ्याच्या उपकरणाचा एक गुण होता. नळीतील पाऱ्याच्या स्तंभाची उंची हेच दाबाचे माप होते. नळी स्वच्छ असेल, पारा पुरेसा असेल आणि शून्य जागेवर असेल, तर ते उपकरण वर्षानुवर्षे खरे सांगत असे. ‘एमएम ऑफ मर्क्युरी’ हे एककही त्याच स्तंभातून आले.

त्याच्या जागी आलेल्या काट्याच्या उपकरणात स्प्रिंगसारखा लवचीक धातूचा भाग असतो, आणि डिजिटल उपकरणात दाबाचा सेन्सर व आकडा काढण्याचे गणित. स्प्रिंग सैल पडते, सेन्सर सरकतो आणि पडद्यावर मात्र तितक्याच ठसठशीतपणे आकडा उमटत राहतो. १३६ हा आकडा खरोखर १३६ आहे की १४२, हे उपकरणाकडे पाहून समजत नाही. ते अधिक अचूक संदर्भ उपकरणाशी ताडून पाहिल्यावरच समजते. १४० आणि ९० च्या सीमारेषेवर असलेल्या माणसाला आयुष्यभराची गोळी सुरू करायची की नाही, याचा निर्णय अशा पाच-सहा अंकांवर होऊ शकतो. पूर्वी मोजण्याचे मूळ तत्त्व डॉक्टरांच्या टेबलावरच होते. आता ते दूरच्या प्रयोगशाळेत आहे, आणि तिथपर्यंतची साखळी अखंड ठेवणे ही दवाखान्याची जबाबदारी झाली आहे. ठरावीक मुदतीने कॅलिब्रेशन करून घेणे म्हणजे तेच.

घरच्या ग्लुकोमीटरलाही मर्यादा आहेत. या उपकरणांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार रक्तशर्करा १०० पेक्षा कमी असताना १५ मिलिग्रॅमपर्यंत आणि त्याहून जास्त असताना १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो. तोही शंभरपैकी ९५ चाचण्यांत. म्हणजे खरी शर्करा २०० असताना १७५ किंवा २२५ दाखवणारे यंत्र बिघडलेले नसते. शिवाय देशांनुसार एककही बदलते. भारतात उपाशीपोटी १२६ हा मधुमेहाचा उंबरठा आहे, तोच ब्रिटनमध्ये ७ असतो. कारण तिथे मिलिग्रॅमऐवजी मिलिमोलमध्ये मोजतात आणि दोन्हींत १८ पटींचे अंतर आहे. मुलगा लंडनला आणि आईवडील पुण्याला अशा घरांत फोनवर ‘शुगर सात आली’ हे वाक्य उगाच धास्ती निर्माण करू शकते.

मुंबईत जपले जाणारे माप

मापातील चूक थेट प्राणावर बेतू शकते असे एक क्षेत्र म्हणजे किरणोपचार. भारतात किरणोत्सर्गाच्या मापांचे राष्ट्रीय मानक दिल्लीत नाही, ते मुंबईत आहे. ती जबाबदारी ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राकडे आहे. कर्करोगाच्या रुग्णाला दिलेली किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. एक किलो उतीने एक ज्यूल ऊर्जा शोषली की एक ग्रे मात्रा झाली. रोज दोन ग्रे याप्रमाणे पाच आठवडे उपचार, हा अनेक रुग्णांच्या ओळखीचा क्रम आहे. मात्रा कमी पडली तर गाठ उरते, जास्त झाली तर शेजारची निरोगी उती जळते. त्यामुळे दिलेली मात्रा ठरवलेल्या मात्रेच्या पाच टक्क्यांच्या आत असावी, असा दंडक जगभर पाळला जातो.

१९८८ मध्ये इंग्लंडमधील एक्सेटर येथे कोबाल्टचा नवा स्रोत बसवताना कॅलिब्रेशनमध्ये चूक झाली. दोनशेहून अधिक रुग्णांना सुमारे २५ टक्के जास्त मात्रा मिळत राहिली. यंत्र व्यवस्थित चालत होते, कर्मचारी रोजचे काम नीट करत होते. स्वतंत्र मोजणी झाली तेव्हाच चूक लक्षात आली. या घटनेनंतर बाहेरच्या तपासणीचे महत्त्व सर्वत्र अधोरेखित झाले. भारतात रुग्णालयातील मात्रामापक उपकरण ठरावीक मुदतीने राष्ट्रीय मानकाशी जुळवावे लागते. त्याखेरीज भाभा केंद्राकडून टपालाने छोट्या कॅप्सूल पाठवून तपासणी केली जाते. रुग्णालयाने ठरलेली मात्रा त्या कॅप्सूलला द्यायची आणि परत पाठवायची. आत भरलेली भुकटी तापवली की तिने किती मात्रा घेतली ते कळते. पाकिटातून होणारी ही तपासणी साधी दिसते, पण तिच्यामुळे दूरच्या जिल्ह्यातील यंत्र आणि ट्रॉम्बे येथील मानक एकमेकांना जोडलेले राहतात.

अजूनही कुपीत असलेली एकके

किलो तिजोरीतून बाहेर पडला, तरी वैद्यकात काही एकके आजही कुपीत आहेत. इन्सुलिन, हिपॅरिन, अनेक लशी आणि प्रतिपिंडे ‘आंतरराष्ट्रीय युनिट’मध्ये मोजतात. हे युनिट निसर्गाच्या स्थिरांकावरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेल्या एका संदर्भ द्रव्याच्या परिणामावरून ते ठरते. अशी बहुतेक द्रव्ये लंडनजवळच्या एका ब्रिटिश संस्थेत साठवलेली आहेत. कुपी संपत आल्या की नवा साठा तयार करून जुन्याशी ताडून पाहतात, प्लॅटिनमच्या दंडगोलाच्या प्रतींसारखेच. करोनाच्या साथीत सुरुवातीला प्रत्येक प्रयोगशाळेचा प्रतिपिंडांचा आकडा वेगळा येत होता. डिसेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिले संदर्भ द्रव्य मान्य केल्यावर ते आकडे एकमेकांशी ताडता येऊ लागले.

इन्सुलिनच्या बाबतीत युनिट सगळीकडे सारखेच असले, तरी ते किती द्रवात आहे हे वेगवेगळे असते. भारतात मिळणाऱ्या अनेक कुप्यांमध्ये एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात, तर पेनच्या काडतुसांत १००. ४० च्या सिरिंजचे टोपण सहसा लाल असते आणि १०० च्या सिरिंजचे नारिंगी. अदलाबदल झाली तर मात्रा अडीच पट कमी किंवा अडीच पट जास्त होते. १०० युनिटच्या द्रवासाठी ४० ची सिरिंज वापरून ‘२०’ या खुणेपर्यंत भरले, तर शरीरात ५० युनिट जातात. एककाची व्याख्या कितीही अचूक असली, तरी चूक शेवटच्या हातात होऊ शकते, याचे यापेक्षा सोपे उदाहरण सापडणार नाही.

पुढे काय?

वरच्या टोकाला सुधारणा चालूच आहेत. सीझियमपेक्षा कितीतरी पटींनी अचूक अशी प्रकाशीय अणुघड्याळे आता प्रयोगशाळांत आहेत आणि त्यांच्या आधारे २०३० च्या सुमारास सेकंदाची व्याख्या बदलण्याची तयारी सुरू आहे. पृथ्वीच्या अनियमित गतीशी जुळवून घेण्यासाठी १९७२ पासून २७ वेळा जोडलेला ‘लीप सेकंद’ २०३५ पर्यंत व्यवहारातून काढण्याचेही २०२२ मध्ये ठरले आहे. या स्पर्धेत टिकण्यासाठी एनपीएलसारख्या संस्थेला उपकरणे, माणसे आणि दीर्घकाळ पुरणारा निधी लागतो. मोजमापाचे काम बातमीत येत नाही. ते बिघडले तरच त्याची बातमी होते. म्हणून अंदाजपत्रकात त्याच्याकडे डोळेझाक होण्याचा धोका कायम असतो.

पण सर्वसामान्यांच्या दृष्टीने अधिक निकडीचे काम खालच्या टोकाला आहे. वेळेचा उगम एकच असावा यासाठी सरकार नियम करत असेल, तर अंगणवाडीचा काटा, आरोग्य केंद्रातील रक्तदाब मापक आणि गल्लीतील पॅथॉलॉजी प्रयोगशाळेचे यंत्र यांच्या मापाचा उगम तपासण्याची व्यवस्थाही तितक्याच गांभीर्याने उभी राहायला हवी. आज वैद्यकीय प्रयोगशाळांनी राष्ट्रीय मान्यता मंडळाकडून मान्यता घेणे मोठ्या प्रमाणावर ऐच्छिक आहे. निरीक्षकांच्या दौऱ्यात पेट्रोलपंपाबरोबर रुग्णालयही असावे, सरकारी खरेदीत उपकरणाबरोबर दरवर्षीच्या कॅलिब्रेशनचा खर्चही धरलेला असावा, आणि अंगणवाडी सेविकेला काटा ताडून पाहण्यासाठी एक प्रमाणित वजन मिळावे, एवढ्यानेही बराच फरक पडेल. यासाठी नवा कायदा लागत नाही. ‘संरक्षण’ हा शब्द कायद्यात आधीच आहे.

किराणा दुकानात काट्यावरचा शिक्का पाहण्याची सवय अनेक ग्राहकांना आहे. दवाखान्यातील उपकरणावरही कॅलिब्रेशनच्या तारखेची छोटी चिठ्ठी असते, किंवा असायला हवी. तिच्यावरची तारीख उलटून गेलेली असेल, तर त्याबद्दल विचारण्याचा अधिकार रुग्णालाही आहे.